सोमच्या खंदकांतून मिडल-अर्थकडे

पहिल्या महायुद्धाने इंग्रजी साहित्याला सैनिक-लेखकांची एक अख्खी पिढी दिली. विल्फ्रेड ओवेन, सिग्फ्रिड ससून, रॉबर्ट ग्रेव्हज यांनी खंदकांतले जिणे, विषारी वायू, सडणारी प्रेते आणि सेनापतींचा आंधळेपणा हे सारे कवितांतून आणि आत्मकथनांतून उघड्या शब्दांत मांडले. त्याच पिढीतल्या, त्याच पश्चिम आघाडीवर लढलेल्या एका लेखकाने मात्र युद्धावर कादंबरी लिहिली नाही की आठवणींचे पुस्तक काढले नाही. त्याने लिहिली ती अद्भुतिका. तिच्यात एल्फ होते, बुटके होते, हॉबिट होते आणि सर्वांना दास करू पाहणारी एक अंगठी होती. जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन हे त्याचे नाव. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा त्याचा ग्रंथ म्हणजे वास्तवापासून काढलेला पळ आहे, असा आक्षेप समीक्षकांनी अनेकदा घेतला. पण टॉल्किनचे तरुणपण ज्याने बारकाईने पाहिले आहे, त्याला हा आक्षेप पटणे कठीण जाते.

टॉल्किनचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर टॉल्किन तेथे एका बँकेचे व्यवस्थापक होते. १८९५ मध्ये आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली आणि पुढच्याच वर्षी, कुटुंब तिकडे असतानाच, आफ्रिकेत आर्थर यांचे निधन झाले. विधवा मेबलने बर्मिंगहॅमजवळच्या सेरहोल या खेड्यात बिऱ्हाड केले. पाणचक्की, ओढा आणि झाडी यांनी वेढलेल्या या खेड्यातली चार वर्षे टॉल्किन जन्मभर विसरला नाही. हॉबिटांचा शायर हा प्रदेश पुढे याच खेड्याच्या आठवणीतून आकाराला आला. लॅटिन, फ्रेंच, वनस्पतिशास्त्र आणि चित्रकला यांचे पहिले धडे त्याला आईनेच दिले. १९०० साली मेबलने रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा आप्तांनी तिला दिलेला आधार काढून घेतला. १९०४ मध्ये मधुमेहाने ती गेली. इन्सुलिनचा शोध लागायला तेव्हा आणखी सतरा वर्षे होती. बाराव्या वर्षी पोरक्या झालेल्या टॉल्किनचे आणि त्याच्या धाकट्या भावाचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी सांभाळले.

आई गेल्यावर त्याला जे दुसरे घर मिळाले ते मित्रांचे. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स स्कूलमध्ये, १९११ च्या सुमारास, काही मुले ग्रंथालयात नियम मोडून चहा करून पीत आणि पुढे जवळच्या बॅरोज स्टोअर्स या दुकानाच्या उपाहारगृहात जमत. गमतीने त्यांनी आपल्या मंडळाला 'टी क्लब अँड बॅरोव्हियन सोसायटी' असे भारदस्त नाव दिले. या मंडळाचा गाभा चौघांचा होता. रॉब गिल्सन हा मुख्याध्यापकांचा मुलगा, उत्तम चित्रे काढणारा. ख्रिस्तोफर वाइजमन गणितात आणि संगीतात रमणारा. जेफ्री बाख स्मिथ कवी. आणि चौथा टॉल्किन, ज्याला नव्या भाषा रचण्याचा छंद होता. शाळा संपून कुणी ऑक्सफर्डला, कुणी केंब्रिजला गेले तरी ही मैत्री टिकली. युद्ध सुरू झाल्यानंतर, १९१४ च्या डिसेंबरात, हे चौघे लंडनला वाइजमनच्या घरी एकत्र आले. आपल्या हातून जगाला सांगण्याजोगे काही घडायचे आहे, असा विश्वास त्या भेटीने त्यांच्या मनात निर्माण केला. टॉल्किनची काव्यरचना खऱ्या अर्थाने सुरू झाली ती या भेटीनंतर, असे तो स्वतः मानत असे.

ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंडने युद्ध पुकारले, तेव्हा हजारो तरुण भरतीसाठी धावले. टॉल्किन लगेच गेला नाही. नातेवाइकांनी भुवया उंचावल्या. पण त्याच्याजवळ पैसा नव्हता, पदवी ही एकच शिदोरी होती आणि एडिथ ब्रॅट हिच्याशी त्याचे लग्न ठरलेले होते. एडिथही त्याच्यासारखीच पोरकी, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी तिची ओळख झाली, तेव्हा एकविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत तिच्याशी संबंध ठेवायचा नाही, असा दंडक फादर मॉर्गन यांनी घातला होता. टॉल्किनने तो पाळला. एकविसाव्या वाढदिवशी त्याने तिला पत्र लिहिले. ती तोवर दुसऱ्याशी वचनबद्ध झाली होती, ते तिने मोडले. १९१५ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डची प्रथम श्रेणी हाती आली आणि मगच टॉल्किन सेकंड लेफ्टनंट म्हणून लँकेशायर फ्युसिलिअर्स या पलटणीत दाखल झाला. स्मिथ त्याच रेजिमेंटमध्ये होता आणि त्याच्या सोबत राहता यावे ही टॉल्किनची इच्छा होती. प्रत्यक्षात नेमणूक झाली ती अकराव्या बटालियनमध्ये. स्मिथ दुसऱ्या बटालियनमध्ये होता.

भाषांची आणि लिप्यांची आवड असलेल्या या तरुणाने संदेशवहनाचे प्रशिक्षण घेतले. मोर्सची कडकट्ट, झेंडे, दिव्यांच्या खुणा, क्षेपणदिवे, टेलिफोनच्या तारा, संदेशवाहक कबुतरे हे सारे त्याला शिकावे लागले. २२ मार्च १९१६ रोजी त्याने एडिथशी लग्न केले आणि जूनच्या आरंभी तो फ्रान्सला रवाना झाला. कनिष्ठ अधिकारी किती झपाट्याने मारले जात आहेत, हे दोघांनाही ठाऊक होते. आपण कुठे आहोत हे लष्करी तपासनिसांच्या नजरेस न पडता कळवता यावे म्हणून त्याने पत्रांत टिंबांची एक सांकेतिक खूण ठरवली होती. त्या टिंबांवरून एडिथ घरातल्या नकाशावर त्याचा मुक्काम शोधत असे.

१ जुलै १९१६ रोजी सकाळी सोम नदीच्या खोऱ्यात ब्रिटिश सैन्याने हल्ला चढवला. आठवडाभराच्या तोफमाऱ्याने जर्मन खंदक आणि काटेरी तारांची कुंपणे उद्ध्वस्त झाली असतील, हा सेनापतींचा हिशेब साफ चुकला होता. रांगेने चालत निघालेल्या सैनिकांना मशीनगनने कापून काढले. त्या एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक हताहत झाले आणि त्यांतले १९,२४० मृत्युमुखी पडले. ब्रिटिश लष्कराच्या इतिहासात एवढा रक्तरंजित दिवस दुसरा नाही. ला बुआसेल या गावाजवळ आपल्या तुकडीला पुढे नेताना रॉब गिल्सन त्याच सकाळी मारला गेला. टॉल्किनची बटालियन त्या दिवशी राखीव दलात होती. मित्र गेल्याचे त्याला कळायला आणखी दोन आठवडे लागले.

जुलैच्या मध्यात टॉल्किनच्या बटालियनला ओव्हिलर्स या गावावरील हल्ल्यात उतरवण्यात आले. याच १४ जुलैच्या संध्याकाळी, तिथून काही मैल पूर्वेला हाय वुडजवळ, भारतीय सैन्यातल्या डेक्कन हॉर्सच्या घोडेस्वारांनी भाले सरसावून चढाई केली होती. पूना हॉर्स ही आपल्या पुण्याचे नाव लावणारी रेजिमेंटही त्याच घोडदळ ब्रिगेडमध्ये होती. जुने आणि नवे युद्ध एकाच रणांगणावर असे शेजारी शेजारी उभे होते. ओव्हिलर्समध्ये टॉल्किनला जे दिसले त्याचा प्रशिक्षणाशी काही संबंध नव्हता. टेलिफोनच्या तारा तुटून चिखलात गुंतल्या होत्या आणि शत्रू संदेश चोरून ऐकत असल्याने यंत्रे वापरायची बंदी होती. निरोप न्यायला उरली ती जिवंत माणसे आणि कबुतरे. गाव पडले तेव्हा एका जखमी जर्मन अधिकाऱ्याला टॉल्किनने पाणी देऊ केले आणि त्याच्याशी जर्मनमध्ये बोलू लागला, तेव्हा त्या कैद्याने त्याचे उच्चार सुधारून दिले. भाषेच्या या अभ्यासकाला शत्रूपक्षाकडून मिळालेला हा धडा चरित्रकारांनी आवर्जून नोंदवला आहे.

लढाईतून परतल्यावर गिल्सनच्या मृत्यूची बातमी देणारे स्मिथचे पत्र त्याची वाट पाहत होते. टॉल्किन कोलमडला. आपले मंडळ संपले, त्याचे मोठेपण गिल्सनसोबत गेले आणि आता आपण सुटे सुटे उरलो, असे त्याने स्मिथला कळवले. स्मिथला हे मान्य नव्हते. मृत्यू एखाद्याला नेऊ शकेल, पण चौघांनी मिळून जे मनात धरले आहे ते मोडू शकणार नाही, ही त्याची ठाम धारणा होती. ऑगस्टमध्ये दोघांची फ्रान्समध्येच गाठ पडली. ती अखेरची ठरली.

पुढचे दोन महिने खंदकात जाणे, बाहेर येणे आणि पुन्हा खंदकात जाणे यांत गेले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात 'रेजिना ट्रेंच' हा जर्मन खंदक घेण्याच्या कारवाईत टॉल्किनची बटालियन यशस्वी झाली. त्यानंतर लगेच, २७ ऑक्टोबरला, त्याला ताप भरला. तो खंदक-ज्वर होता. सैनिकांच्या कपड्यांतल्या उवांमधून पसरणाऱ्या या तापाने त्याला इंग्लंडच्या रुग्णालयात पोचवले आणि बहुधा त्याचे प्राणही वाचवले. प्रकृती वारंवार बिघडत राहिल्याने तो पुन्हा कधी आघाडीवर गेला नाही. त्याची बटालियन मात्र लढत राहिली आणि मे १९१८ मधल्या जर्मन हल्ल्यात जवळजवळ नामशेष झाली.

टॉल्किन इंग्लंडमध्ये बरा होत असतानाच वाइजमनचे पत्र आले. आघाडीच्या मागे, रस्त्यावरून चालत असताना, फुटलेल्या तोफगोळ्याचे तुकडे लागून स्मिथ जखमी झाला होता. जखम आधी किरकोळ वाटली, पण ती चिघळली आणि ३ डिसेंबर १९१६ रोजी तो मरण पावला. त्याच वर्षाच्या आरंभी, एका रात्रीच्या गस्तीवर निघण्यापूर्वी, स्मिथने टॉल्किनला एक पत्र लिहिले होते. मी परतलो नाही तर मला जे सांगायचे होते ते माझ्यामागे तू सांगावेस, अशी त्या पत्राची मागणी होती. लिहिणारा बावीस वर्षांच्या आतबाहेरचा, वाचणारा चोविशीचा. आता या मागणीला मृत मित्राच्या अखेरच्या इच्छेचे वजन आले. वाइजमनच्या साथीने टॉल्किनने स्मिथच्या कविता गोळा केल्या आणि १९१८ मध्ये त्या 'अ स्प्रिंग हार्वेस्ट' या नावाने छापून आणल्या. पण हे केवळ त्या ऋणाचे व्याज होते. मुद्दल फेडायला त्याला आणखी जवळपास चाळीस वर्षे लागली.

रुग्णालयात आणि नंतरच्या रजेत, १९१६-१७ च्या हिवाळ्यात, टॉल्किनने एका वहीत गोंडोलिन नावाच्या गुप्त नगरीच्या विनाशाची कथा लिहिली. मिडल-अर्थच्या साऱ्या पुराणाची ही पहिली सलग गोष्ट. डोंगरांनी राखलेली सुंदर नगरी फितुरीने उघडी पडते आणि तिच्यावर लोखंडी राक्षसी जनावरे चालून येतात. त्यांतल्या काहींच्या पोकळ पोटांत शत्रूचे सैनिक बसलेले असतात. सप्टेंबर १९१६ मध्ये याच सोमच्या रणांगणावर जगातले पहिले रणगाडे उतरले होते, हे ध्यानात घेतले तर ही जनावरे कुठून आली असतील याचा अंदाज बांधता येतो. पुढच्या वर्षी यॉर्कशायरमध्ये सैनिकी सेवेत असताना, रूस या गावालगतच्या रानात, पांढऱ्या फुलांच्या ताटव्यात एडिथ त्याच्यासाठी नाचली. त्यातून एल्फ राजकन्या ल्युथिएन आणि मर्त्य मानव बेरेन यांची प्रेमकथा जन्मली. अशा रीतीने विनाश आणि प्रेम या दोन्ही टोकांशी त्याच्या कल्पित जगाचा पाया युद्धाच्या काळातच घातला गेला.

युद्धानंतरचे टॉल्किनचे आयुष्य बाहेरून पाहता अगदी शांत प्राध्यापकाचे होते. काही काळ त्याने ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या कचेरीत काम केले, मग लीड्स विद्यापीठात शिकवले आणि १९२५ मध्ये तो ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक झाला. चार मुले झाली. धाकट्या मुलाचे नाव ख्रिस्तोफर ठेवले, ते वाचलेल्या एकमेव मित्रावरून. सी. एस. लुईस हा सहकारी जिवलग झाला. लुईसही पहिल्या महायुद्धात लढून जखमी झालेला होता. 'इंकलिंग्ज' या त्यांच्या मित्रमंडळात हस्तलिखिते मोठ्याने वाचली जात. चौघांच्या चहापानाची जागा काही अंशी या बैठकांनी भरून काढली. १९३७ मध्ये 'द हॉबिट' प्रसिद्ध झाले. मुलांना सांगितलेल्या गोष्टीतून उगवलेले ते पुस्तक चांगले खपले आणि प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. त्या डिसेंबरात टॉल्किन लिहायला बसला. पुस्तक पुरे व्हायला १९४९ उजाडले.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध झाले. मायकेल आणि ख्रिस्तोफर ही त्याची मुले सैनिक झाली. १९४४ मध्ये ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत असताना टॉल्किन फ्रोडो आणि सॅम यांच्या मॉर्डॉरकडच्या वाटचालीची प्रकरणे एकामागून एक लिहून त्याला धाडत होता. ज्या भूमीत आपण जन्मलो तिथे मुलगा गणवेशात आहे आणि आपण घरी बसून दोन थकल्याभागल्या जिवांना ओसाड रानातून पुढे नेत आहोत, अशी ती अवस्था होती. कादंबरीतला मृतांच्या दलदलीचा भाग याच काळातला. साचलेल्या पाण्याखाली जुन्या लढाईत पडलेल्यांचे चेहरे दिसतात, मित्रही आणि शत्रूही, सारे सारखेच निष्प्राण. तोफगोळ्यांनी पडलेल्या आणि पावसाने भरलेल्या खड्ड्यांत प्रेते तरंगताना सोमच्या सैनिकांनी पाहिली होती. कादंबरीतल्या या दलदलीवर उत्तर फ्रान्सच्या त्या भूमीचे काही ऋण आहे, हे टॉल्किनने नंतर एका पत्रात मान्य केले.

पण त्याहून पुढे जाऊन कादंबरीचे कोष्टक मांडण्याला त्याचा सक्त विरोध होता. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, सॉरॉन म्हणजे हिटलर असा अर्थ लावणाऱ्यांना त्याने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ठणकावून नकार दिला. त्याला रूपककथा मुळातच आवडत नव्हत्या. मात्र त्याच प्रस्तावनेत त्याने वाचकांना आठवण करून दिली, की १९१४ साली तरुण असणे हे १९३९ पेक्षा कमी भयंकर नव्हते आणि १९१८ पर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सारे मरण पावले होते. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी लेखकाने स्वतःच्या दुःखाला दिलेली जागा ही एवढीच.

मग युद्ध या कादंबरीत नेमके कुठे आहे? ते पात्रांच्या स्वभावात आहे. सॅम गॅमजी हा साधा माळी. कर्तृत्वाची हौस नाही, धन्याची साथ सोडायची नाही आणि भाकरतुकड्याची काळजी विसरायची नाही, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. खंदकांत भेटलेल्या सामान्य शिपायांवरून आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला असलेल्या अर्दलींवरून सॅम घडला आणि ती माणसे आपल्याहून कितीतरी थोर होती, असे टॉल्किनने सांगून ठेवले आहे. ज्या काळात वर्गभेद इंग्रजी समाजात मुरलेला होता, त्या काळातल्या एका अधिकाऱ्याने दिलेली ही कबुली आहे. मोहीम यशस्वी होते ती राजे आणि मांत्रिक यांच्या बळावर नव्हे, तर या माळ्याच्या चिकाटीवर.

आणि युद्ध आहे ते कादंबरीच्या शेवटात. फ्रोडो अखेरच्या क्षणी हरतो. अंगठी अग्नीत टाकण्याऐवजी ती स्वतःची म्हणून धारण करतो. जग वाचते ते गॉलमवर पूर्वी दाखवलेल्या दयेमुळे. पराक्रमाच्या कथेत नायकाला असे अपयश देणे हे धाडस होते. विजयानंतर चारही हॉबिट शायरला परततात. तिथे झालेल्या शेवटच्या चकमकीत फ्रोडो तलवार उपसत नाही, कुणी विनाकारण मारले जाऊ नये एवढेच पाहतो. जखमेच्या तारखा दरवर्षी येतात आणि त्या दिवशी तो आजारी पडतो. गावकऱ्यांना त्याने काय केले याचा पत्ता नसतो. शेवटी तो समुद्रापलीकडे निघून जातो आणि सॅम घरी, बायकामुलांत, परततो. १९१८ नंतर घरोघरी अशी माणसे होती. हातपाय शाबूत, पण आतून न परतलेली. त्यांच्यासाठी वैद्यकशास्त्राकडे तेव्हा धड नावही नव्हते. टॉल्किनच्या मंडळातल्या चौघांपैकी दोघे युद्धातून परतले. त्याच्या कादंबरीतले चौघेही परततात, पण परतणे म्हणजे बरे होणे नव्हे, हे त्याने लपवलेले नाही.

कादंबरीचे तीन खंड १९५४ आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशकाने हजार पौंडांचा तोटा सोसायची तयारी ठेवली होती. घडले उलटेच. साठच्या दशकात अमेरिकेत स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि विद्यापीठांतल्या तरुणांनी हा ग्रंथ डोक्यावर घेतला. तोही व्हिएतनामच्या युद्धाचा काळ होता. पीटर जॅक्सन याच्या चित्रपटांनी २००१ ते २००३ या काळात ही कथा जगभर नेली. मराठीतही मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने तिचा अनुवाद केला. खुद्द टॉल्किनने हे यश काहीशा संकोचाने पाहिले. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिथ गेली आणि २ सप्टेंबर १९७३ रोजी तोही गेला. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघांची एकच कबर आहे. तिच्यावर त्यांच्या नावांखाली ल्युथिएन आणि बेरेन ही नावे कोरलेली आहेत.

रॉब गिल्सन आणि जेफ्री स्मिथ यांच्या कबरी फ्रान्समध्ये आहेत. बेकूर आणि वार्लिनकूर येथील लष्करी दफनभूमींत हजारो सारख्या शिळांमध्ये त्या दोन शिळा उभ्या आहेत. त्यांच्या पिढीतल्या असंख्य बुद्धिमान तरुणांप्रमाणे तेही काही घडवण्याआधीच संपले. पण चौघांपैकी एकाने दिलेला शब्द दुसऱ्याने पाळला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हाती घेणाऱ्या वाचकाने मृतांच्या दलदलीचे प्रकरण वाचताना ही दोन नावे क्षणभर आठवावीत. त्या पाण्याखालचे चेहरे मग केवळ कल्पनेतले राहणार नाहीत.